टेबलावर हलगी

“वाजव की. हितंच, टेबलावर. लाजतीस कशाला?”

असं म्हणला तो. इंटरव्ह्यूत! मी बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, कंपनीच्या लॅबमधी जागा निघाली म्हणून गेलेली. आन समोरचा साहेब मला म्हणतोय वाजव.

परवाची गोष्ट हाय. डोकं अजून तापलंय, म्हणून सुचंल तसं टाइप करतीय.

कंपनी बारामतीच्या बाहेर. आबांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, सणसरवरनं गाडीवर आणून सोडलं आन गेटबाहेर लिंबाखाली थांबले. मी आत. लई तयारी केलेली. बारामतीत इंटरव्ह्यूचा क्लास लावलेला. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणलं की काय बोलायचं, कमजोरी इचारली तर काय, पाच वर्षांनी कुठं असशील तर काय. सगळं तोंडपाठ. क्लासच्या मॅडम म्हणल्या होत्या, “वडील काय करतात विचारलं तर फार्मर सांग. इकडं सगळे तेच सांगतात.”

मी तेच सांगितलं. माय फादर इज अ फार्मर.

साहेब खूश. खुर्ची पुढं ओढून मराठीत बोलाय लागला. “सणसर? आमच्या मिसेसचं माहेर. ऊस कुठल्या कारखान्याला जातो तुमचा?”

झालं. आमच्याकडं रानवाल्याचं शेंबडं पोरगं बी ह्याचं उत्तर देतं. कारखान्याचं नाव मला बी ठाऊक, पर आणखी खोटं तोंडातनं येईना. ऊस असंल तर जाईल ना! आमी मातंग. एक गुंठा रान न्हाय. आबा हलगी वाजवतात.

“शेतकऱ्याची मुलगी आणि कारखाना माहीत नाही?” त्यानं माझा बायोडाटा परत उचलला. आडनावावर बोट ठेवलं. आन हसला.

“अरे! तू त्या हलगीवाल्याची का? आमच्या मेव्हण्याच्या वरातीत काय वाजवली होती राव त्यानं!”

त्याच्या शेजारी बसलेली मॅडम बी हसली. मंग त्यो म्हणला, वाजव. वर म्हणतो, “वाजवलीस तर सिलेक्शन पक्कं.”

खरं सांगती, माझा हात उचलला गेला. टेबलापर्यंत गेला. नोकरी पायजे होती मला. लई पायजे होती. आमच्या आळीत गळ्यात आयकार्ड घालून कामाला जाणारी पयली पोरगी मी होणार होते. पयला पगार झाला की आबाची हलगी बंद करायची, हे मी कवाच ठरवलेलं.

आन तवाच मला एक वरात आठवली. मी ल्हान, आबाचं बोट धरून गेलेली. समदी वरात आबाच्या हलगीवर नाचली. आन जेवाय आमी मांडवाच्या मागं. समद्यांचं उरकल्यावर. घरनं नेलेल्या ताटात. वाढणारा वरनं टाकत होता. ताटाला पळी लागू नये म्हणून.

ह्यो बी वरनंच टाकत होता. नोकरी.

मी हात मागं घेतला. म्हणलं, “सर, तुमचे वडील काय काम करायचे?”

“का? बँकेत होते.”

“मंग तुमी आधी टेबलावर बँक चालवून दाखवा. मंग मी वाजवती.”

मॅडमचं हसू थांबलं. साहेब लाल. “उठ. बाहेर हो.”

उठले. माझा बायोडाटा त्याच्या हाताखालनं ओढून घेतला आन उठले.

आबा लिंबाखाली उभेच. “झालं का गं? काय इचारलं?”

“हलगी वाजव म्हणले.”

आबा म्हणले, “सुपारी दिल्याबिगर म्या बी वाजवत न्हाय.” हसाय गेले, जमलं न्हाय त्यास्नी. किक मारली. गाडी सुरूच होईना.

सणसर येस्तवर मी मागं बसून धुमसत होते. साहेबावर तर हायच. पर त्या ‘फार्मर’वर जास्ती. माझ्या बापाला माझ्याच तोंडानं पुसून टाकायला शिकवलं, आन त्याला म्हणं तयारी!

सोमवारी दुसरीकडं इंटरव्ह्यू हाय. क्लासचं पाठ केलेलं समदं सोडून दिलंय. हलगी ठिवायची का टाकायची, ते आबा ठरवतील. मी न्हाय, आन वरातवाले तर न्हायच न्हाय. मला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणले की माझं पयलं वाक्य ठरलंय: मी हलगीवाल्याची पोरगी, केमिस्ट हाय.

हसा म्हणावं आता. टेबलाच्या ह्या बाजूनं मी बघती, कोण हसतंय.