आईनं दाबलेलं दार

बाबांचा उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी आई गाडी चालवायला शिकली. व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा अंबडला न्यावं लागे. दर वेळी कुणाला तरी विनवायचं, हे तिला नको होतं. सोयाबीन निघालेल्या रानात मीच तिला शिकवलं.

महिनाभरानं जालन्याला मला तिचा फोन आला. अंगणातून गाडी मागं घेताना बंपर फाटकाच्या खांबावर आदळला होता. घाबरून तिनं स्टेअरिंग फिरवलं, तर मागचं दारही दाबलं गेलं.

"तुझ्या बाबांला सांगू नको. त्यांनी कधी एक ओरखडा पडू दिला न्हाई गं."

रविवारी मी गावी गेले. किराणा आणतो असं बाबांना सांगून आम्ही दोघी अंबडच्या एका मिस्त्रींकडे गेलो. पांढऱ्या दाढीचे मिस्त्री. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "रंग शाबूत आहे. जल्दी होईल."

त्यांनी प्लास्टिकच्या बंपरवर उकळतं पाणी ओतलं, खालून हात घातला आणि दाबलं. टप्पकन आवाज झाला आणि खड्डा गायब! आई लहान मुलीसारखी हसली. दाराला मात्र वेळ लागला. आतलं अस्तर काढून मिस्त्री एका वाकड्या सळईनं पत्रा आतून थोडा थोडा बाहेर रेटत होते.

"जोरात ठोकून का न्हाई काढत?" आईनं विचारलं.

"ठोकला तर पत्रा पसरतो, बाई. मंग बराबर बसत न्हाई." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "गाडी कुणी ठोकली?"

"मी." ती खाली मान घालून म्हणाली.

"नवीन शिकल्या का? माझ्या बायकोनं तर माझ्याच दुकानाचं शटर वाकवलं होतं."

परत आलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. झटक्यानंतर त्यांचे शब्द सावकाश येत. "झालं का... दार सरळ?"

आईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आवाज आल्ता मला. खिडकीतून बघितलं, तर तू स्टेअरिंगवर डोकं टेकून रडत होतीस. मंग म्हटलं, तू सांगेपर्यंत... गप बसावं."

आईनं पिशवी खाली ठेवली. पदरानं डोळे पुसून ती त्यांच्या शेजारी टेकली.

मग बाबा म्हणाले, "शहागडला ने मला. गोदावरी बघून लई दिवस झाले."

आई घाबरली. हायवे, ट्रक, एवढी वर्दळ. तरी ती उठली. मी मागं बसले. सगळा रस्ता ती चाळीसच्या वर गेली नाही; मागून ट्रक हॉर्न देत राहिले. पुलाजवळ पोचलो तेव्हा आईनं हळूच मला खुणावलं. शेजारच्या सीटवर बाबा गाढ झोपले होते. दुसरं कुणी गाडी चालवत असलं की ते कधी डोळा मिटत नसत. आईनं गाडी कडेला सावलीत लावली, आणि ते आपणहून जागे होईपर्यंत आम्ही दोघी नदीकडे बघत बसलो.