बाहेरून उघडणारी कडी

कुलूपवाल्या काकांनी बत्तीस वर्षं लोकांची दारं उघडली. किल्ली हरवली, कुलूप गंजलं, तान्हं मूल आत आणि आई बाहेर, काहीही असो, काका आले की पाच मिनिटांत काम फत्ते. घरोघरच्या बायका थट्टा करायच्या, "काका आलेत, तोंडाला कुलूप घाला, नाहीतर तेही उघडतील."

आणि त्यांचीच बायको आतून कडी लावलेल्या न्हाणीघरात पडली. काका चार इमारती पलीकडे, दुकानात. शेजाऱ्यांनी धक्के मारून दार तोडलं तोवर फार उशीर झाला होता. काका धापा टाकत आले, तेव्हा कुणी त्यांच्याकडे बघेना.

ते रडले नाहीत. लोकांना वाटलं, मागाहून रडतील. मागाहूनही नाही. दुकान बंद झालं. सकाळी चहा करायचा, तो निवून जायचा, साय धरलेला कप तसाच मोरीत. मुलगी परगावाहून फोन करायची. "बाबा, कसे आहात?" "आहे." एवढंच.

तीनेक महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या.

"माझ्या न्हाणीघराची कडी अडकते रे. परवा अर्धा तास आत होते. तुला बोलवायला जीभ रेटत नाही, पण दुसरं कोण आहे मला?"

काका हत्यारांची पिशवी घेऊन वर गेले. अडकणारी कडी काढली. तिच्या जागी अशी बसवली की आतून लावता येईल, पण बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडेल. आजींना आत उभं केलं, कडी लावायला सांगितली आणि स्वतः बाहेरून उघडली. तीनदा.

"आता शेजारणीला दाखवून ठेवा," ते म्हणाले.

आजींच्या पोटात काही राहायचं नाही. आठवड्याभरात निरोपांवर निरोप येऊ लागले. गुडघेदुखीवाले, फिट येणारी मुलगी, एकटे राहणारे मास्तर. काका जात, कडी बसवत, तीनदा उघडून दाखवत, घरी येत. लोक म्हणत, केवढं पुण्याचं काम. काका मान हलवत. आत काही हलत नसे. हात मात्र चालत, जुन्या सवयीने.

थंडीच्या एका सकाळी समोरच्या इमारतीतले निवृत्त हेडक्लार्क न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. सुनेने पर्समधलं नाणं काढलं, कडी फिरवली, त्यांना बाहेर ओढलं. डोक्याला सात टाके पडले. पण माणूस वाचला.

पंधरा दिवसांनी पट्टी बांधलेले हेडक्लार्क जिना चढून काकांकडे आले. हात धरला, सोडेनात. डोळ्यांना धार लागलेली. काका त्यांच्या पट्टीकडे बघत राहिले.

"तुम्हाला काही वाटत नाही का हो?" हेडक्लार्कांनी शेवटी विचारलं.

काकांनी खरंच शोधून पाहिलं. "नाही वाटत," ते म्हणाले. "तुम्ही वाचलात ते चांगलं झालं, हे कळतं. वाटत नाही. ती गेल्यापासून हे असंच आहे."

आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेला माणूस, पण यावर त्यांना शेरा सुचेना. मग म्हणाले, "उद्या कुणाकडे जायचंय?"

"मागच्या गल्लीत. दोन घरं."

"मी येतो. घरात बसून सुनेच्या डोक्याला ताप झालोय."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच आले. वाटभर बोलत होते, आपल्या ऑफिसबद्दल, टाक्यांबद्दल, सुनेच्या स्वयंपाकाबद्दल. काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पहिल्या घरात काका गुडघ्यांवर बसून कडी बसवू लागले, तरी हेडक्लार्कांची टकळी चालूच.

"अहो, जरा गप्प बसता का?" काका म्हणाले. "आणि तो बारका स्क्रू द्या इकडे. तो नाही, बारका."

हेडक्लार्कांनी मुकाट्याने बारका स्क्रू शोधून त्यांच्या तळहातावर ठेवला.