कोरड्या तेलाचं गणित

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिथे लोखंडी सुट्या भागांना गंज लागू नये म्हणून लावायचं तेल बनतं. त्या तेलातल्या गंजरोधकाचे रेणू किती वेगाने पसरतात, हे संगणकावर मांडून दाखवायला मला घेतलं होतं. तेलाचे काही हजार रेणू, त्यांत थोडे गंजरोधकाचे, आणि त्यांची आपसातली धक्काबुक्की.

माझं उत्तर प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या तिप्पट यायचं. चार महिने तिप्पटच. रेणूंमधलं आकर्षण बदलून पाहिलं, तापमान तपासलं, सगळं पुन्हा चालवलं. पिंपळे गुरवहून निघालेली कंपनीची बस मोशीला अडकली, की तिथेही मी तेच आकडे चाळत बसायचे. साहेब दर सोमवारी विचारायचे, "जुळलं का?" त्यांनी आवाज कधी चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

शेवटी मी मोजमापालाच दोष दिला. ते करणारे काका चाकणजवळच्याच गावचे, कित्येक वर्षं त्याच टेबलावर. मी तडक जाऊन म्हणाले, "काका, तुमचं मोजताना काहीतरी चुकतंय."

ते चिडले नाहीत. मला शेजारी बसवून त्यांनी नमुना पुन्हा लावला. आकडा तोच आला. मग म्हणाले, "म्याडम, तुमच्या कम्प्युटरातल्या तेलात पानी किती घातलंय?"

"तेलात पाणी कशाला असेल?"

"आसतंय की. पिंपं उघडी राहत्यात, हवेतली वल धरत्यात. मी दर टायमाला मोजतो, वहीत हाय."

ती वही मला कुणी दाखवली नव्हती. मीही कधी मागितली नव्हती, हे जास्त लागलं.

पाण्याचे थोडे रेणू घातल्यावर गंजरोधकाचे रेणू त्यांच्याभोवती गोळा झाले आणि ते घोस हळूहळू सरकू लागले. उत्तर मोजमापाच्या अगदी जवळ आलं. मी धावतच साहेबांकडे गेले.

"छान," ते म्हणाले, "पण हे तेल आपण बंद करतोय. गिऱ्हाइकाला दुसऱ्या प्रकारचं हवंय. आता त्याचं मॉडेल सुरू कर."

काकांना सांगितलं, माफीही मागितली. बाटलीवर चिठ्ठी चिकटवत ते म्हणाले, "आकडा आला न्हवं? मग झालं की."

मला मात्र काहीच झाल्यासारखं वाटेना. जागेवर येऊन मी नवी फाइल उघडली, आणि कितीतरी वेळ तिला नावसुद्धा देऊ शकले नाही.