मुळशीबद्दलचं पान

मंगळवारी सकाळी माझी बहीण वारली. ती चौपन्न वर्षांची होती. गुरुवारी दफन झालं. शनिवारी तिने बोलावलेली शिबिरांच्या समितीची बैठक होती, ती दोन आठवडे पुढे ढकलली.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. भूगावच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहायचो. लग्न दोघांनीही केलं नाही. ती ख्रिस्ती मुलांची शिबिरं चालवायची. पहिलं शिबिर मुळशीत, धरणाच्या वरच्या अंगाला, एका शेतकऱ्याकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर सुरू झालं. पत्र्याच्या तीन शेड, एक विहीर आणि जांभळाखाली बाकं. पुढे नगर, जालना आणि नंदुरबारकडच्या चर्चच्या मंडळ्यांनी आपापली शिबिरं काढली आणि त्या तिच्याकडे माणसं मागू लागल्या. शिबिरं चार झाली, पण ती चालवायला तयार झालेली माणसं सहाच होती. म्हणून शेवटचं वर्षभर ती समितीसाठी पुढच्या पाच वर्षांचा आराखडा लिहीत होती. समितीचे प्रमुख आमच्या चर्चचे पाळकसाहेब होते.

लिहून झालेली पानं माझ्याकडे यायची.

“दादा, तू फक्त शुद्धलेखन बघ. मतं देऊ नकोस.”

“एका पानावर ‘सक्षमीकरण’ सात वेळा आलंय.”

“मग सहा कर.”

आराखडा लिहिणारे लोक सहसा किती मुलं आली ते आधी सांगतात. तिने पहिल्या पानावर न आलेल्या मुलांची यादी केली होती. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. सुट्टीतही वसतिगृहातच राहणारी. मुळशी लांब पडेल म्हणून ज्यांना कुणी विचारलंच नाही, अशी. ही यादी करण्यासाठी ती एसटीने हिंडली. नंदुरबारजवळच्या एका वसतिगृहात एका मुलीने तिला विचारलं होतं, शिबिर म्हणजे शाळाच ना? ते तिने आराखड्यात घातलं नाही. मला मात्र तीनदा सांगितलं.

जानेवारीत शेवटचं पान आलं. त्यात लिहिलं होतं, की मुळशीचं शिबिर दोन वर्षांच्या आत बंद करावं. सहापैकी तीन माणसं वर्षभर तिथेच अडकून पडतात. तिथे येणारी मुलं आता बहुतेक पुण्यातली असतात, आणि त्यांच्यातली पुष्कळशी एरवीही आईवडलांबरोबर शेजारच्या रिसॉर्टमध्ये येऊन जातात. ती तीन माणसं जालना आणि नंदुरबारला द्यावीत.

“लोक दुखावतील,” मी म्हणालो. “त्या विहिरीतला गाळ पाळकसाहेबांनी स्वतः उतरून काढलाय.”

“गाळ काढला म्हणून विहिरीशी लग्न लावायचं का?”

मग ती म्हणाली, “दादा, तू मुलांसाठी बोलतोयस की स्वतःसाठी?”

तिला उत्तर माहीत होतं. वर्गात मी कंटाळवाणा शिक्षक होतो. मुलं घड्याळाकडे बघायची, मला ते दिसायचं. पण दर मे महिन्यात दहा दिवस मी मुळशीत गोष्टी सांगायचो, आणि तिथे मुलं हळूहळू पुढे सरकून बसायची. एवढंच. माणसाला असं एखादं ठिकाण पुरतं.

हे पान पुन्हा लिही, तोवर माझ्याकडे राहू दे, असं मी तिला म्हणालो. तिने बाकीची पानं माझ्याकडे सरकवली. “बरं. बाकीचं पाठव. हे मी बैठकीत तोंडी सांगेन.” समितीला आराखडा गेला तो त्या पानाशिवाय. ते माझ्या टेबलाच्या खणात राहिलं. पंधरा दिवसांनी ती गेली.

बैठक मुळशीतच होती. मी लवकर पोचलो. जमिनीचे मालक बाकावर बसले होते. त्यांनी माझ्यासाठी सरकून जागा केली.

“बाई गेल्या, लई वाईट झालं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “मग तुमी जागा कधी सोडताय?”

“सोडतोय असं कोण म्हणालं?”

“बाईच म्हनल्या व्हत्या, दिवाळीला. म्या म्हनलं, का वो, आमचं काय चुकलं? तर म्हनल्या, तुमचं काय न्हाई मामा, पोरं लांब हायेत.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हननार? पोराला सांगून ठिवलं, बाई जाईस्तवर जमिनीचा शब्द कुनाला देऊ नको. बिल्डर हितं रोज येत्यात.” ते धरणाकडे बघत राहिले. “बाईच आधी गेल्या.”

म्हणजे तिने कुणाच्याही आधी, मलाही सांगायच्या आधी, त्यांना सांगितलं होतं. सर्वांत जास्त फरक त्यांना पडणार होता.

बैठक प्रार्थनेने सुरू झाली. मग पाळकसाहेबांनी सुचवलं, की ताईंच्या नावाने इथे प्रार्थनागृह बांधावं आणि मुळशी हेच मुख्य केंद्र करावं. दूरच्या शिबिरांचं नंतर पाहू. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई रडू लागल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या मंडळीत गेलेल्या माणसाच्या नावाचं बाक असतं, घड्याळ असतं, पंखा असतो. प्रेम दाखवायची आमची ती रीत आहे. माझ्या नावाचा पंखा लावू नका, त्याची पाती कुणी पुसत नाही, असं बहीण म्हणायची. पण ते तिचं नेहमीचं बोलणं होतं, कुणी मनावर घेतलं नव्हतं.

मी गप्प राहिलो असतो तर सगळं राहिलं असतं. भिंतीवर तिचं नाव, मे महिन्यातले माझे दहा दिवस. ते पान वाचलेला तिथे मी एकटाच होतो. येताना मी ते पिशवीत घातलं होतं. का, ते मला अजून सांगता येत नाही. मी उभा राहिलो आणि ते वाचून दाखवलं. तिची वाक्यं छोटी होती, तरी मला दोनदा थांबावं लागलं.

“सर, हे आमच्याकडे का आलं नाही?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“मी ठेवून घेतलं होतं.”

“का?”

“मला ही जागा हवी होती.”

“आणि आम्हाला काय नको होती?” स्वयंपाकघरातल्या बाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, आणि ते बरोबर होतं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. “ताई असत्या तर मी यावर भांडलो असतो,” ते म्हणाले. “आणि हरलो असतो. आता भांडायचं कुणाशी?”

त्यांनी आपला प्रस्ताव मागे घेतला, ते पान आराखड्याला जोडलं, आणि शेवटी सगळ्यांची संमती विचारली. दोन हात वर गेले नाहीत. त्यांतला एक त्या बाईंचा होता.

मुळशीचं शेवटचं शिबिर गेल्या उन्हाळ्यात झालं. मी गेलो, पण गोष्ट सांगितली नाही. घसा बसल्याचं सांगितलं. शेडचे पत्रे नगरच्या शिबिराने नेले. मालकांनी जमीन विकली की नाही, मी विचारलेलं नाही.

हे सगळं मी सावकाश लिहिलं. एखादं वाक्य जमलं की तिला वाचून दाखवायला मान वर होते, आणि मग आठवतं.

तीन माणसं जालना आणि नंदुरबारला गेली. तिथली शिबिरं चालू आहेत. मी ती पाहिलेली नाहीत. मुळशीत आमची जागा नाही, आणि भूगावच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहतो.