यंदा मोकळं कोण होणार

पंख्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे वहिनी म्हणतात. का म्हणतात हे नव्या लोकांना ठाऊकही नाही. त्यांचे यजमान पूर्वी याच कारखान्याच्या रंगखात्यात होते, त्यांच्या पाठोपाठ या कामाला लागल्या, म्हणून त्या वहिनी. पुढे रंगाच्या वासानं यजमानांना खोकला धरला आणि ते नोकरी सोडून शाळेची बस चालवायला लागले. वहिनी मात्र राहिल्या, आणि अशा राहिल्या की आज ते विसरलेला डबा द्यायला फाटकाशी आले तर पहारेकरी आत निरोप देतो, "वहिनींचे मिस्टर आलेत." नोकरी गेली ती गेली, वर नावही गेलं, असं मिस्टर हसत हसत सांगतात. त्यांना बायकोचं कौतुक आहे आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नाही.

कामाला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात वहिनींचं डोकं फिरलं होतं. टेबलफॅनच्या लाइनवर त्यांचं काम जाळी बसवून स्क्रू आवळायचं. स्क्रूंची पेटी मागच्या भिंतीपाशी. मूठभर आणायचे, संपले की उठायचं, पुन्हा आणायचे. पेटी तिकडे का, असं त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून तिथेच आहे," असं उत्तर आलं. या उत्तराशी वहिनींचं तेव्हापासून जे हाडवैर आहे ते आजतागायत मिटलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका रिकाम्या डब्यात स्क्रू ओतले आणि डबा तारेनं टेबलाच्या कडेला बांधून टाकला.

त्या वेळचे लाइनचे प्रमुख दादा. ते येऊन डब्याकडे बघत उभे राहिले. आता बोलणी खावी लागणार म्हणून वहिनींनी मान खाली घातली.

"तुम्ही डावऱ्या आहात का?" दादांनी विचारलं.

"नाही."

"मग डबा डावीकडे कशाला बांधलात?" एवढं बोलून दादांनी स्वतःच तार सोडली आणि डबा उजवीकडे बांधून दिला.

अशा कामाला हल्ली भारी भारी नावं आहेत, ऑफिसात त्याचे रंगीत तक्तेही लागलेत. दादांकडे एकच वाक्य होतं. ज्या हालचालीनं पंख्याचं काही भलं होत नाही, ती काढून टाका. चालल्यानं पंख्याचं भलं होत नाही. वाट बघत बसल्यानं होत नाही. उचलून ठेवलेलं पुन्हा उचलल्यानं होत नाही, आणि पुढच्याला नको असताना ढीग घालून ठेवल्यानं तर मुळीच होत नाही. वहिनींना हे ऐकून शाळेत कधी नव्हे ते एखादं गणित सुटल्यासारखं वाटलं. माणसांना घाई करायला लावायची नाही, घाईची गरजच उरू द्यायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पण दादांची खरी युक्ती पुढे होती. फुकटची हालचाल काढत गेलं की एक दिवस असा येतो की सात जणांचं काम सहा जणांत आरामात होतं. मग सातव्याचं काय? इतर ठिकाणी सगळ्यात मागे पडणाऱ्याला उचलतात. दादा सगळ्यात चांगल्या माणसाला उचलायचे. मागे पडणाऱ्याला काढलं की बाकीचे धसका घेतात आणि काही सुचलं तरी तोंड शिवून बसतात, स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल, असं त्यांचं म्हणणं. चांगल्याला काढलं की तो दुसऱ्या लाइनवर जातो, तिथल्या फुकटच्या हालचाली शोधतो, आणि इकडे मागे राहिलेलेही हळूहळू तयार होतात. याला कारखान्यात म्हणायचे 'मोकळं होणं'. हात मोकळे, डोकं कामाला. नोकरीला धक्का नाही, उलट मान. यंदा मोकळं कोण होणार यावर चहाच्या वेळी पैजा लागायच्या.

पहिल्या मोकळ्या झाल्या त्या वहिनीच. घरी येऊन त्यांनी चपला काढता काढता सांगितलं, "अहो, मला आज मोकळं केलं." मिस्टरांनी त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. मग म्हणाले, "असू दे. बस आहे ना. दोघांचं भागेल." वहिनींना आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. नीट समजावून सांगेपर्यंत भाजी करपली.

दादा निवृत्त झाले आणि लाइन वहिनींकडे आली. त्यांनी ती अशी चालवली की बघत राहावं. घरात मात्र त्यांची कला चालू द्यायची नाही असा मिस्टरांचा आणि लेकीचा संगनमताचा कट आहे. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याची जागा ठरवून दिली, तर लेकीनं सोफ्यावर झोपलेल्या बापाच्या भोवती खडूनं रेघ मारली आणि लिहिलं, 'जागा ठरलेली'.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका मोठ्या कंपनीनं कारखाना विकत घेतला आणि नवे साहेब आले. साहेब वाईट नव्हते. वेळेवर यायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत, कामगारांच्या टेबलावर बसून जेवायचे. पण त्यांना वरून एकच प्रश्न रोज विचारला जायचा, की माणसं किती कमी झाली. तो प्रश्न त्यांनी इतक्या वेळा ऐकला होता की कानात तोच बसला होता.

महिन्याच्या बैठकीत वहिनी छाती पुढे काढून म्हणाल्या, "साहेब, आमच्या लाइनचं काम सुटसुटीत झालंय. यंदा मी चष्मेवालीला मोकळं करतेय."

"अरे वा," साहेब म्हणाले. "नक्की ना? तिलाच?"

"तिलाच. तिच्याइतकं कुणी नाही."

साहेबांना हे जरा चमत्कारिक वाटलं. पण त्यांनी मान डोलावली. "ठीक आहे, करू मोकळं. पुढचं मी बघतो."

दोघंही खूश होऊन उठले. एकच शब्द, पण वर्कशॉपमध्ये त्याचा अर्थ एक आणि ऑफिसात दुसरा. घरी हाच घोटाळा झाला होता हे वहिनींना तेव्हा आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

चष्मेवाली म्हणजे लाइनच्या शेवटी पंखा तपासणारी. जाड भिंगांचा चष्मा, तो पडू नये म्हणून मागे बांधलेली दोरी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. पंखा फिरला की नुसत्या आवाजावरून ती सांगायची की पातं कुठे घासतंय. घरी थकलेले वडील आणि कॉलेजात शिकणारा भाऊ, दोघांचं तिच्या पगारावर चालायचं. मोकळं होणार हे कळल्यावर तिनं भावाला नवीन शर्ट घेऊन दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फाटकावर कार्ड लावलं. हिरवा दिवा लागून आडवा दांडा फिरतो, तसा तो फिरला नाही. लाल दिवा लागला. तिनं कार्ड पुसून पुन्हा लावलं. मागची माणसं थांबली. पहारेकरी दुसरीकडे बघत म्हणाला, "ऑफिसात विचारा. यादीत नाव नाही."

वहिनी आत लाइन सुरू करत होत्या तेव्हा फोन वाजला.

"वहिनी, तुम्ही मला मोकळं केलंत ना?" चष्मेवालीचा आवाज अगदी साधा होता. "मग झाले मी मोकळी. फाटकाबाहेर उभी आहे."

 काय घडलं ते वहिनींना एका क्षणात कळलं, आणि त्या तशाच ऑफिसकडे निघाल्या. साहेब बाहेरगावच्या बैठकीला गेले होते, दुपारी येणार होते. बाकी कुणाच्या हातात काही नव्हतं. "घरी जा, मी आणते तुला परत," एवढंच वहिनी फोनवर म्हणू शकल्या. 

परत येऊन बघतात तर लाइन रखडलेली. कुणी कामचुकारपणा करत नव्हतं, सगळ्यांच्या माना खाली होत्या. पण वरून लटकणारा पेचकस हाताला लागणार नाही इतका उंच अडकवलेला. ट्रे दोन हात लांब सरकलेले. आणि तो स्क्रूंचा डबा, तो टेबलावरून सुटून मागच्या भिंतीपाशी जाऊन बसला होता. इतक्या वर्षांत एकेक करून काढलेल्या हालचाली त्या लोकांनी एका सकाळीत परत आणल्या होत्या. वहिनींनी आजवर लाइन बिघडलेली खूप वेळा पाहिली होती, पण ती कुणी इतक्या विचारपूर्वक बिघडवलेली कधी पाहिली नव्हती. त्यांना राग आला नाही. वाईट वाटलं.

पाती बसवणारे काका सगळ्यांत जुने. तेच बोलले. "वहिनी, राग तुमच्यावर नाही. पण माझं काम सोपं झालं तर उद्या मी फाटकाबाहेर. त्यापेक्षा चार पावलं चाललेलं बरं. डॉक्टरही तेच सांगतात."

कुणी हसलं नाही. वहिनींना कळून चुकलं की आता प्रश्न एका नोकरीचा उरलेला नाही. चष्मेवाली परत आली नाही तर या हॉलमध्ये पुन्हा कधी कुणी डबा जवळ ओढणार नाही.

साहेब दुपारी आले. वहिनी आत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. एरवी त्या बसत नसत.

"चूक निम्मी माझी आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून आधी मी सांगते आणि मग तुम्ही." आणि त्यांनी मोकळं होणं म्हणजे काय ते सांगितलं, दादांपासून.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळ चोळलं. "वहिनी, मी वर कळवून बसलोय. एक माणूस कमी झालं म्हणून. शाबासकी पण मिळाली."

"मग ती परत करा."

"इतकं सोपं नसतं."

"सोपं नाहीच. तुम्ही असं करा, माझ्याबरोबर लाइनवर चला. मी काही बोलणार नाही. तुम्हीच बघा आणि परवडत असेल तर तसंच राहू द्या."

साहेब लाइनच्या कडेला उभे राहिले. जाळी बसवणारी बाई उठली, भिंतीपाशी गेली, मूठभर स्क्रू घेऊन आली. थोड्या वेळानं पुन्हा उठली. साहेब माणूस हुशार, त्यांना डब्याची तुटकी तार दिसली, ट्रेखालच्या जुन्या खुणा दिसल्या. हे लोक आळशीपणा करत नाहीत, घाबरलेत, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ते तिथेच, सगळ्यांसमोर, फोन काढून वरच्या साहेबांशी बोलले. "माझ्याकडून चुकीचं कळवलं गेलं," ते म्हणाले. "माणूस कमी झालेलं नाही. हो, चूक माझीच." पलीकडून बराच वेळ बोलणं चालू होतं. साहेबांचे कान लाल झाले, पण त्यांनी शब्द फिरवला नाही. वहिनींना त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल जो आदर वाटायला लागला तो त्या उघड बोलून दाखवतात.

चष्मेवाली दुसऱ्या दिवशी परत आली. हिरवा दिवा लागला. ती थेट आपल्या जागी जाऊन बसली आणि पंखे तपासायला लागली. तोंडाचा पट्टा बंद.

"अगं, तुला शेजारच्या लाइनवर जायचंय," वहिनी म्हणाल्या. "मोकळी झालीस ना तू."

"मला नको मोकळं व्हायला." तिनं वर बघितलंच नाही. "वहिनी, तुमचा शब्द खरा असेल. पण माझ्या वडिलांना काल रात्रभर झोप नव्हती. मला इथेच राहू द्या."

डबा भिंतीपाशीच होता. वहिनींनी तो आणायला कुणाला सांगितलं नाही. सांगून आणलेला डबा उद्या पुन्हा जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी त्या घरात आढ्याकडे बघत पडून होत्या. मिस्टरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लाइनवर सगळ्यात चांगलं माणूस कोण, याचा विचार करतेय. चष्मेवाली सोडून."

"मग तूच की," मिस्टर म्हणाले. बायकोला खूश करायला म्हणाले असतील, पण वहिनी उठून बसल्या.

सोमवारी त्यांनी लाइन थांबवली. एरवी लाइन थांबली तर त्यांचा जीव कासावीस होतो. "यंदा मी मोकळी होतेय," त्या म्हणाल्या. "लाइन आता माझ्यावाचून चालते. काका बघतील. साहेबांना मी सांगितलंय, याच शब्दांत. मोकळी होतेय म्हणून. बघू या उद्या काय होतं ते."

"आणि दिवा लाल लागला तर?" काकांनी विचारलं.

"तर तुमचं खरं."

मंगळवारी सकाळी फाटकावर सगळी लाइन उभी होती. आत कुणी जाईना. वहिनी आल्या, त्यांनी कार्ड काढलं. साहेबांचा शब्द पक्का आहे हे त्यांना माहीत होतं, तरी कार्ड लावण्याआधी त्यांनी ते पदराला दोनदा पुसलं, हे त्या स्वतःच सांगतात. हिरवा दिवा लागला. दांडा फिरला. त्या आत गेल्या आणि लाइनकडे न वळता सरळ शेजारच्या हॉलमध्ये, उभ्या पंख्यांच्या लाइनवर गेल्या. दिवसभर तिथेच एका कोपऱ्यात उभ्या राहून माणसं कशी चालतात ते बघत होत्या.

संध्याकाळी घरी जाताना त्या आपल्या जुन्या हॉलवरून निघाल्या. डबा टेबलाला बांधलेला होता. उजवीकडे. तार नवी होती. कुणी बांधला ते त्यांनी विचारलं नाही. दारापाशी चष्मेवाली चष्मा पुसत थांबली होती.

"ती शेजारची लाइन कशी आहे हो?" तिनं विचारलं.

"भयंकर. एक पंखा सात वेळा उचलतात."

"एकटीनं तुम्हाला नाही जमायचं ते." चष्मेवालीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "उद्या मला मोकळं करा."