बोलकी मशीन आणि ‘सर्वांसाठी’

मशीन पहिल्यांदा बोलली तेव्हा भाईंनी तिची वायर उपटली.

मी फडक्याने कीबोर्ड पुसत होते. भोरमधल्या भाईंच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात मला तेवढंच काम होतं. पुसायचं, झेरॉक्सचे गठ्ठे सारखे करायचे, पिना मारायच्या. त्या दिवशी फडकं जरा जोरात फिरलं असावं. भाई ज्या स्पीकरवर गाणी लावत त्यातून कुणी परका पुरुष नाकात इंग्रजी बोलायला लागला. मी दचकून हात मागे घेतला, तसा तो गप्प झाला. मग भीत भीत एका बटणावर बोट टेकलं.

“एम,” तो म्हणाला.

शेजारचं दाबलं. “एन.”

“भाई,” मी ओरडले, “हे मला सांगतंय!”

“व्हायरस हाय, पोरी! हात लावू नगंस!” आणि खटकन वायर निघाली. पंखासुद्धा बंद पडला, कारण घाबरलेल्या माणसाने हाताला लागेल ते उपटलं होतं.

मी या भागातली नव्हे. माझं गाव परभणीकडचं. सातवीत असताना तापात माझे डोळे गेले आणि गुरुजींनी वडलांना सांगितलं की आता हिला पाठवू नका, कुठे पडली-बिडली तर बोल आमच्यावर येईल. शाळा तिथेच संपली. ए बी सी डी आणि मराठी बाराखडी तेवढी डोळ्यांत राहिली, जशी बघितली होती तशी. पुढे मावशीने मला इकडे, भोरजवळ कापूरहोळला आणलं. हायवेवर काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, ट्रकच्या पंक्चरचं दुकान होतं. अपंगांच्या नावावर एसटीडी बूथ मिळायचा. नाव माझं लागलं, बूथ काकांचा झाला. मी नंबर फिरवून द्यायची. ड्रायव्हर लोक आपापल्या घरी बोलायचे. मला ते आवडायचं. मी मावशीला, काकांना, ड्रायव्हरांना, सगळ्यांना ‘उपकार झाले’ म्हणायची. एवढ्या लांब कुणाच्या तरी घरात राहायचं तर जिभेवर ते तयार ठेवावंच लागतं. बूथ जिच्या नावावर आहे तिला कुणी उपकार झाले म्हणालं होतं का, हे तेव्हा सुचलंही नाही.

मग सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले आणि बूथवर माशी फिरकेना. काकांनी भाईंना विचारून मला त्यांच्या दुकानात पुसापुशीला लावलं, तेही दिवाळीपर्यंतच. दिवाळीला मला गावी नेऊन सोडायचं ठरलं होतं. गावी म्हणजे भावाच्या घरात, मागच्या खोलीत, खाटेवर. वहिनी ताट आणून देणार, मी उपकार झाले म्हणणार. मरेपर्यंत. रोज जीपने भोरला येताना मी दिवाळीला किती दिवस उरले ते मोजायची.

आणि असं असताना एक मशीन मला ‘एम’ म्हणाली होती.

मशीन तपासायला सर आले. भोरमध्ये त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता, दुरुस्तीही तेच करायचे. मी त्यांना ओळखत होते. बूथ चालू असतानाच काका मला त्यांच्याकडे घेऊन गेले होते, हिला काही शिकता येईल का म्हणून. सर फार गोड बोलले. चहा मागवला. “ताई, तुमच्यासाठी वेगळी मशीन लागते. फॉरेनची. आपल्याकडे नाही ती.” मी म्हटलं, उपकार झाले सर, खरं ते सांगितलंत. परत येताना काका म्हणाले, “माणूस चांगला हाय. आल्याचा चहा पाजला.”

आता सरांनी वायर लावली, मशीन चालू केली, आणि हसले.

“भाई, व्हायरस कसला? हे आतच असतं. प्रत्येक मशीनमध्ये. खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि यू, दोन्ही एकदम दाबली की बडबड सुरू. पोरं चुकून दाबतात, आम्ही क्लासमध्ये रोज बंद करतो.”

“आन् हे कशापायी घातलंय?” भाईंनी विचारलं.

“आंधळ्यांसाठी,” सर म्हणाले.

म्हणाले आणि बोलता बोलता माऊस फिरवतच राहिले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, पिना मारायचं मशीन हातात घेऊन. त्यांना काही आठवलं नाही. तेव्हा ते मुद्दाम खोटं बोलले असं वाटलं असतं, तर राग तेवढ्यावर भागला असता. खोटं बोलायलासुद्धा माणसाच्या डोक्यात आधी आपण असावं लागतं. ते मला चहा पाजत होते तेव्हा मागच्या खोलीत मशिनी ओळीने मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पोटात हा माणूस तोंड दाबून बसवलेला होता. रोज बंद करतो म्हणे.

“केली बघा बंद. परत येणार नाही अशी व्यवस्था करतो,” सर म्हणाले.

“हात काढा,” मी म्हटलं.



“काय?”

“हात काढा म्हणते ना. कामून बंद करायलात? माझं आहे ते. तुमीच म्हणलात, आंधळ्यासाठी आहे. इथं दुसरं कोण आंधळं आहे?”

“भाषा बघा हिची,” सर भाईंना म्हणाले.

असं मी उभ्या जन्मात कुणाला बोलले नव्हते, आणि भाईंनी जा म्हटलं असतं तर दिवाळीचीही वाट बघावी लागली नसती.

भाई म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सर. मला बी दुकानात बोलायला कोन न्हाई. बायकू घरात बोलू देत न्हाई, ह्यो हितं बोलंल.”

त्यांचे उपकार मी आजही मानते, आणि जिभेने नाही.

पण ती मशीन बोलायची इंग्रजी. आमच्याकडे येणारे अर्ज, पत्रिका सगळं मराठी. दुकानातला मराठी फॉन्ट असा की दिसायला म दिसतो, पण बटण असतं इंग्रजी ई चं. त्या नाकात बोलणाऱ्या माणसाला मराठी कुठून कळणार? तो बटण सांगायचा. भाई गिऱ्हाईक नसताना एकेक अक्षराचं बटण मला सांगत गेले आणि मी ते पाठ केलं. पहिला शब्द मी टाईप केला तो ‘आई’. तो म्हणाला, “व्ही, के, बी, झी.” शाळेत झेड शिकवलं होतं, हा झी म्हणायचा. मी परत परत दाबलं. व्ही, के, बी, झी. भाई म्हणाले, “अगं बास, कागद संपंल!” कागदाचा तिथे काही संबंध नव्हता, पण त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

भाईंनी काकांना निरोप धाडला: दिवाळीपर्यंत अर्ज टाईप करायला लागली तर ठेवतो, न्हाई तर न्या.

लागले. पहिले अर्ज भाई वाचून तपासायचे आणि चुका मोठ्याने सांगायचे, गिऱ्हाइकासमोर. मग चुका कमी झाल्या. तरी दिवाळी अजून यायची होती, आणि भाईंनी नक्की म्हणून सांगितलं नव्हतं.

अशात सर आले, क्लासची जाहिरात छापून घ्यायला. माझ्याशेजारी स्टुलावर बसून सांगू लागले. ‘सर्वांसाठी संगणक शिक्षण.’

मी बोटं ठेवली. एल, ओ, के, झी, ए, एल, के, बी, एच. सर्वांसाठी. आईमधल्या ई वरच्या रफाराचा झी यातही होता.

“सर्वांसाठी म्हणजे कुणाकुणासाठी, सर?” मी विचारलं.

“अहो ताई, जाहिरातीत तसंच लिहायचं असतं,” ते हसत म्हणाले. आणि भाईंकडे वळून, “काय पण शिकली बघा! आमच्याकडे आली होती ही आधी.”

म्हणजे आठवत होतं.

मी पुढचं सगळं टाईप केलं, फीसकट, वेळेसकट. मग वर जाऊन तो शब्द पुसला, आणि प्रिंट भाईंच्या हातात दिली.

भाईंनी वाचली. “सर्वांसाठी ऱ्हायलं की गं.”

“राहिलं नाही. काढलं.”

“कामून?” हा माझा शब्द, ते मला चिडवायला वापरायचे. पण आत्ता चिडवत नव्हते.

“खोटं आहे म्हणून. तुम्हाला घालायचं तर घाला. मी घालणार नाही.”

सर स्टुलावरून उठल्याचा आवाज आला. नेहमीचं गिऱ्हाईक, दुकानाच्या मशिनी दुरुस्त करणारा माणूस. मी फडकं शोधून हातात धरलं. उद्यापासून पुसायलाही नसेन, असं वाटलं.

“सर,” भाई सावकाश म्हणाले, “टायपिंग तिच्याकडं हाय आता. तिच्या हातनं ह्यो शब्द येत न्हाई. तुमी असं करा, क्लासात त्ये आवाजाचं बटन चालू करा, मग या. फुकट घालून दिऊ.”

सर कागद घेऊन गेले, की तसाच टाकून गेले, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. भाईंनी स्पीकरचा आवाज वाढवला आणि पुढचा अर्ज सांगायला घेतला.