तिच्या हातची साखर

कॉलेजात मी जीवरसायन शिकवते, आणि घरी माझेच वडील मला शेंडी लावायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना मधुमेह निघाला. तपासणीच्या आधी दोन दिवस ते अगदी साधूसारखे वागायचे, ना गोड ना भात. उपाशीपोटीची साखर मस्त यायची, आणि परत येताना उधन्याच्या नाक्यावर जिलेबी! आई पदर तोंडाला लावून हसायची.

मग मी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी सुरू केली आणि ती त्यांना समजावूनही सांगितली. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला जाऊन चिकटते. आधी हा बंध सैल असतो, सुटूही शकतो. पण अणू जरा इकडचे तिकडे सरकले की तो पक्का होतो, मग ती लाल पेशी मरेपर्यंत साखर तिथेच. पेशी जगते तीन-चार महिने, त्यामुळे दोन दिवसांच्या उपासाला ही तपासणी भीक घालत नाही. ही तर फारच चुगलखोर तपासणी, असं म्हणून ते हिरमुसले.

आई मात्र त्यांच्याच पक्षात. चमचा वाजून मला कळू नये म्हणून ती साखर आधी कपात घालायची आणि वरून चहा ओतायची. मला कळायचंच. मी भांडायचे, ती मुकाट ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यंदा आई झोपेतच गेली. वडिलांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं, पेपर तीच वाचून दाखवायची. आता मी कॉलेजला गेले की ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला ते बघवत नव्हतं. महिन्याभरातच मी ऑपरेशनचं बघितलं. डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात असेल तरच. उपाशीपोटीची चांगली आली, पण तीन महिन्यांची वाढलेली. ऑपरेशन पुढे गेलं.

माझं डोकंच फिरलं. रिक्षात बसल्यापासून मी त्यांना धारेवर धरलं. परत तीच जुनी चलाखी, नाक्यावर जाता ना, खरं सांगा. जिना चढून दारात आल्यावर ते म्हणाले, "ती गेल्यापासून गोडाचा कण तोंडात घातला नाही गं. कोणाच्या हातून घेऊ?"

आणि दरवर्षी फळ्यावर तो बंध काढून दाखवणारी मी, चपला न काढता तशीच उभी राहिले. खरंच होतं त्यांचं. ती साखर आत्ताची नव्हतीच. आई होती तेव्हाची होती, तिच्या चहातली, तिच्या शिऱ्यातली. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, अजून किती दिवस राहील. म्हटलं, जुन्या पेशी मरतील तशी जाईल, दोनेक महिन्यांत. "बरं," म्हणाले, आणि कितीतरी वेळ मनगटाच्या शिरेवरून बोट फिरवत बसले.

पुढची तपासणी उत्तम आली. डॉक्टर खूश झाले, ऑपरेशनची तारीखही मिळाली. मी घरी येऊन चपलांसकट आत धावले. "बाबा, साखर एकदम नॉर्मल!"

त्यांचं बोट मनगटाच्या शिरेवर गेलं.

"म्हणजे तिच्या हातचं संपलं," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, बिनसाखरेचा. तो देताना मला असं रडू कोसळलं की कप त्यांनीच चाचपडत माझ्या हातातून काढून घेतला.